फुटलेल्या अक्षरांचा माग

मराठवाड्यातल्या कोणत्याही डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने मांडून देणाऱ्या, दुकानात दिवसभर बसले, तर एक वाक्य निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येते: “भाऊ, घरी तर बरोबर दिसायलं होतं.” म्हणणाऱ्याच्या हातात पेन ड्राइव्ह किंवा मोबाइल असतो. त्यातल्या फाइलमध्ये लग्नपत्रिका असते, पुण्यस्मरणाची जाहिरात असते, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल असतो, नाहीतर एखाद्या निवृत्त गुरुजींनी अनेक वर्षे जमवलेला कवितासंग्रह असतो. परभणीत या धंद्यात माझे बरेच आयुष्य गेले आणि या वाक्याकडे मी आता निदानाचा पहिला पुरावा म्हणून पाहतो. जी फाइल एका यंत्रावर बरोबर दिसते आणि दुसऱ्यावर दिसत नाही, ती फाइल स्वतः बिघडलेली असण्याची शक्यता फार कमी असते. तिथे होते आणि इथे नाही असे काय आहे, एवढेच शोधायचे उरते आणि बहुतेक वेळा ती वस्तू म्हणजे फॉन्ट, संगणकावरचा अक्षरसंच, असतो.

हे असे का होते ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पेजमेकर हा पाने मांडणारा प्रोग्राम 1985 साली मॅकिंटॉश संगणकासाठी आला आणि 1987 साली विंडोजवर आला, तेव्हा त्याच्यासमोर फक्त रोमन लिपी होती. त्या काळच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त 256 घरे असत. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांसह देवनागरी त्यात जशीच्या तशी बसणे शक्यच नव्हते. म्हणून अक्षरांचे तुकडे करण्यात आले. कुठे अर्धा ‘ख्’ वेगळा आणि त्याची दांडी वेगळी ठेवली गेली, कुठे पहिली वेलांटी दोन-तीन रुंदींची करून ठेवली गेली, आणि हे सगळे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या घरांत नेऊन बसवले गेले. पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, आकृती अशा भारतीय भाषांच्या प्रत्येक सॉफ्टवेअरने ही मांडणी आपापल्या सोयीने केली. जुन्या छापखान्यातल्या एखाद्या जुळाऱ्यासमोर दुसऱ्याच कोणाच्या हिशेबाने लावलेली खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, केस ठेवावी आणि त्याने सवयीप्रमाणे न पाहता खिळे उचलावेत, तसे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडल्यावर होते. भाषेतली अक्षरे साठवण्याचे इस्की नावाचे भारतीय मानक 1991 मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु पान मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला अक्षर कोणते आहे हे माहीतच नव्हते. त्याला फक्त घराचा क्रमांक आणि त्या घरातले चित्र ठाऊक होते.

म्हणून फाइल हातात आल्यावर पहिला प्रश्न फॉन्टच्या नावाचा विचारावा. गंमत अशी की, सॉफ्टवेअर हे नाव बहुधा आपण होऊन सांगत असते आणि आपण ते वाचत नसतो. पेजमेकर फाइल उघडतानाच कोणता फॉन्ट सापडला नाही व त्याऐवजी कोणता वापरला जाणार आहे, हे एका चौकटीत दाखवतो आणि हा बदल तात्पुरता ठेवायचा की कायमचा, हेही विचारतो. घाईतला ऑपरेटर तिथे न वाचता ‘ओके’ दाबतो आणि पुढे फाइल सेव्ह करतो. बदल कायमचा निवडला गेला असेल, तर मूळ फॉन्टचे नावही त्या फाइलमधून जाते. पाने मांडण्याचेच दुसरे सॉफ्टवेअर, इनडिझाइन, सापडत नसलेल्या फॉन्टचा मजकूर गुलाबी पट्ट्यात दाखवते. तो गुलाबी रंग त्रास देतो म्हणून संपूर्ण मजकूर निवडून भलताच फॉन्ट लावणारे लोकही मी पाहिले आहेत. याहून फसवा प्रकार म्हणजे एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्या. तिथे सारे काही बरोबर दिसते, फक्त ‘द्ध’ किंवा ‘ट्ट’ यांसारखे एखादे जोडाक्षर बदललेले असते आणि ते छापून झाल्यावर पत्रिकेच्या मालकाच्या मामाला दिसते.

जुन्या फॉन्टमधला मजकूर वर्डमध्ये टाइप केला जाई, तेव्हा आणखी एक विकार होत असे आणि अजूनही होतो. वर्डच्या समजुतीने तो मजकूर इंग्रजीच असतो, त्यामुळे वाक्याचे पहिले अक्षर मोठे करणे, सरळ अवतरणचिन्हे वळणदार करणे ही कामे ते न सांगता करते. कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी छोट्या ‘आय’च्या घरात ‘प’ आहे आणि मोठ्या ‘आय’च्या घरात अर्धा ‘प्’ आहे; तेव्हा ‘पाणी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या वाक्याचे काय होईल, याचा अंदाज करता येईल. टाइप करणारा बिचारा पुन्हापुन्हा खोडतो, पुन्हापुन्हा लिहितो आणि शेवटी कीबोर्डला दोष देतो. ऑटोकरेक्टचे ते दोन-तीन पर्याय बंद केले की हा आजार तत्काळ बरा होतो. इतक्या किरकोळ उपायासाठी लोकांनी नवे कीबोर्ड विकत घेतलेले आहेत, हे मात्र मला अजूनही पटत नाही.

फुटलेला मजकूर नीट पाहिला, तर तो कशामुळे फुटला हे तोच सांगतो, असा माझा अनुभव आहे. इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची गिचमिड दिसत असेल, तर आनंद मानावा, कारण मजकूर शाबूत आहे आणि योग्य फॉन्ट लावला की तो परत येईल. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांनी भरलेल्या असतील, तर वेळ घालवू नये. व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या मानकातला, मजकूर पेजमेकरमध्ये चिकटवला की हेच होते. पेजमेकरची शेवटची, म्हणजे 7.0 ही आवृत्ती 2001 साली आली आणि तिला युनिकोड देवनागरी कळत नाही. ज्या अक्षरासाठी त्याच्याकडे घर नाही, तिथे प्रश्नचिन्ह बसते आणि मूळ अक्षर नष्ट होते. त्या प्रश्नचिन्हांना कोणताही फॉन्ट लावून काही निघत नाही, मूळ संदेश पुन्हा मागवावा लागतो. रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर युनिकोडमध्येच आहे आणि ठीक आहे, फक्त निवडलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. आमच्याकडे हा चौकोन सर्वाधिक वेळा वकिलांच्या नावाआधी येतो. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली समाविष्ट झाले, त्याआधीच्या फॉन्टना ते ठाऊक नाही आणि लग्नपत्रिकेतल्या ‘ॲड.’चा चौकोन होतो. आणि वेलांटी किंवा मात्रा टिंबांच्या वर्तुळावर बसलेली दिसली, तर चिन्हांचा क्रम चुकला आहे असे समजावे. कुठेतरी अक्षराच्या आधी वेलांटी टाइप झाली आहे किंवा दोन मात्रा एकावर एक पडल्या आहेत.

मग काही जण इनडिझाइनकडे वळतात आणि तिथे त्यांना नवा धक्का बसतो. मजकूर युनिकोड, फॉन्ट चांगला, तरीही ‘शक्ती’तला ‘क्’ पायमोड्यासह सुटा पडलेला आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे गेलेली. याचे कारण परिच्छेदाच्या मांडणीचे काम करणाऱ्या यंत्रणेत आहे. इनडिझाइनमध्ये तिला कंपोझर म्हणतात. नेहमीचा कंपोझर रोमन लिपीच्या हिशेबाने चालतो. भारतीय लिप्यांसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो आणि तो 2012 च्या सीएस 6 पासून भारतीय लिप्यांसाठी उपलब्ध आहे. परिच्छेदाच्या पॅनेलमधल्या कोपऱ्यातल्या यादीत हा पर्याय दडलेला आहे. एकेका परिच्छेदाला तो लावत बसण्यापेक्षा परिच्छेदाच्या शैलीतच तो नोंदवून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी नव्या प्रकरणात तीच तक्रार येत नाही. इलस्ट्रेटरमध्ये आणि फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही असाच पर्याय टाइपच्या प्राधान्यांत (प्रेफरन्सेसमध्ये) शोधावा लागतो. मोफत मिळणाऱ्या स्क्रायबसमध्येही आता देवनागरीची जुळणी नीट होते; 2024 साली आलेली 1.6 ही आवृत्ती मी छोट्या पुस्तिकांसाठी निःसंकोच सुचवतो.

इथे ‘ल’ आणि ‘श’ यांचा उल्लेख केला पाहिजे. शाळांची कामे घेणाऱ्याला तो टाळताच येत नाही. शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतल्या अक्षरांची रूपे ठरवून दिली आणि तेव्हापासून मुख्याध्यापक प्रूफावर हिंदी वळणाच्या ‘ल’भोवती लाल गोल करू लागले. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांचा ‘ल’ एकच असतो, त्यामुळे मजकुरात बदल करून काहीही साध्य होत नाही. फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतील, तर मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर मराठी वळण आपोआप येते. नसतील तर फॉन्टच बदलावा लागतो.

फॉन्टच्या तक्रारी कितीही असल्या, तरी त्यांनी कोणाची झोप जात नाही. झोप जाते ती फाइल उघडेनाशी झाल्यावर. भारनियमनाच्या दिवसांत मराठवाड्यातल्या डीटीपीवाल्यांनी जे भोगले, ते शहरांतल्या मंडळींना सांगून पटायचे नाही. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, ऊनही तेव्हाच, वीजही तेव्हाच जाणार आणि यूपीएसची बॅटरी नेमकी त्याच उन्हाने खाल्लेली. पेजमेकरची एक सोय तेव्हा फार उपयोगी पडे आणि ती फार थोड्यांना माहीत होती: आपण पान बदलले, नवे पान घातले किंवा छपाईचा आदेश दिला, की तो आपण होऊन एक छोटी नोंद करून ठेवत असे. वीज आल्यावर फाइल उघडली की बरेचदा शेवटच्या सेव्हपर्यंतचे नव्हे, तर शेवटच्या पान-बदलापर्यंतचे काम मिळे. म्हणून आमच्याकडचे जाणते ऑपरेटर उगाचच पुढचे पान पाहून मागे येत. नुसते सेव्ह करत राहिले की पेजमेकरची फाइल फुगत जाते, आणि ‘सेव्ह ॲज’ केले की ती आटोपशीर होते. ही सवय असणाऱ्याच्या फाइली कमी बिघडत. पत्रिका-फलकांसाठी वापरले जाणारे कोरलड्रॉ आपल्या फाइलशेजारी ‘बॅकअप ऑफ’ अशा नावाची दुसरी फाइल ठेवते. ती अनावश्यक समजून पुसून टाकणाऱ्यांना एक दिवस तिची आठवण होते.

सॉफ्टवेअरच विचित्र वागू लागले, म्हणजे पॅनेल गायब झाली, अवजारे दिसेनाशी झाली किंवा ते सुरू होताना अडकू लागले, तर त्याच्या प्राधान्यांची फाइल बिघडलेली असण्याचा संभव जास्त असतो. इनडिझाइन सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरले, तर ते प्राधान्ये नव्याने तयार करण्याची परवानगी मागते. कोरलड्रॉ सुरू करताना एफ 8 दाबून धरावे लागते. एवढ्यासाठी विंडोज नव्याने टाकणारे दुरुस्तीवाले गावोगाव आहेत आणि त्या भानगडीत ग्राहकाचे फॉन्टही जातात.

बिघाड फाइलमध्येच असेल, तर मात्र शांत डोके लागते. समजा, तीनशे पानांचे पुस्तक आहे आणि पीडीएफ करताना ते मध्येच थांबते. अशा वेळी मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत काढावी आणि आधी पहिल्या दीडशे पानांचीच पीडीएफ करून पाहावी. ती झाली, तर दोष उरलेल्या दीडशेत. त्यांचे पुन्हा दोन भाग करावेत. अशा निम्म्या-निम्म्याने सात-आठ फेऱ्यांत आपण अपराधी पानावर येतो आणि मग त्या पानावरच्या वस्तू एकेक काढून पाहिल्या, की बहुधा एखादे बिघडलेले छायाचित्र किंवा एखादा खराब फॉन्ट सापडतो. काहीच सापडले नाही, तर इनडिझाइनची फाइल आयडीएमएल या अदलाबदलीच्या स्वरूपात काढून पुन्हा उघडावी. अनेक लपलेले विकार त्या फेरीत गळून पडतात. ही पद्धत मी ज्यांच्याकडे शिकलो, ते मूळचे खिळे जुळवणारे कारागीर होते आणि फर्म्यातला सैल खिळा ते याच रीतीने शोधत. घाई करणाऱ्याला ती संथ वाटते. प्रत्यक्षात अंदाजाने दहा गोष्टी बदलून पाहणारा तिच्याहून कितीतरी जास्त वेळ घालवतो आणि शेवटी नेमके कशामुळे सुधारले हे त्यालाही सांगता येत नाही.

रंगांच्या तक्रारीतही कारण शोधावे लागते, पण तिथे गिऱ्हाइकाच्या भावना गुंतलेल्या असतात. भीमजयंतीच्या फलकाचा निळा रंग पडद्यावर झळझळीत असतो आणि छापून जांभळट येतो. तेव्हा ‘मशीनच तशी आहे’ हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये. पडदा प्रकाशाच्या तीन रंगांनी चालतो, ऑफसेट चार शायांनी चालतो आणि पडद्यावरचा तो निळा त्या चार शायांना गाठता येत नाही. रूपांतर होताना सायन (निळसर) आणि मजेंटा (गुलाबी) शाई जवळजवळ सारख्या प्रमाणात येतात आणि निळ्याचा जांभळा होतो. सायन शंभर ठेवून मजेंटा साठ-सत्तरच्या वर जाऊ दिला नाही, की निळा निळाच राहतो. काळ्या मजकुराचेही तसेच आहे. पडद्याच्या काळ्याचे रूपांतर झाले, तर तो चारही शायांत विभागला जातो, प्लेटा केसभर सरकल्या तरी शिरोरेषेला रंगीत कडा दिसतात आणि बारीक टायपातले अनुस्वार भरून जातात. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचाच हवा, हे छपाईला पाठवण्याआधी वेगवेगळ्या शायांची पाने पडद्यावर पाहून तपासता येते. हे तपासायला पाच मिनिटे लागतात.

आता ज्या सवयीविषयी मला खरे तर लिहायचे होते, तिच्याकडे येतो. फॉन्ट फुटण्याच्या भीतीने आमच्या धंद्याने एक रामबाण उपाय काढला: कर्व्ह करून पाठवा. मजकुराचे रेषांत रूपांतर केले, की फॉन्ट लागतच नाही, फाइल कुठेही उघडते आणि अक्षर फुटण्याचा प्रश्नच उरत नाही. पत्रिका, फलक, पिशवीवरची जाहिरात यांसाठी हा उपाय उत्तम आहे. छत्रपती संभाजीनगरात मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत पत्रिका काढणारे कारागीर इनपेज या उर्दू सॉफ्टवेअरमधला नस्तालिक वळणाचा मजकूर रेषा करूनच कोरलमध्ये आणतात आणि त्याला दुसरा सोयीचा मार्गही नव्हता. तक्रार आहे ती पुस्तकांविषयी. पुस्तकाची मुखपृष्ठासह सगळी पाने कर्व्ह करून ठेवली, मूळ फाइल पुसली, जागा वाचली, काम झाले. आणि दहा वर्षांनी लेखक दुसऱ्या आवृत्तीसाठी आले, तेव्हा त्यांच्या पुस्तकातला एक शब्दही बदलता येत नाही, कारण त्यात शब्द उरलेलेच नाहीत. ज्या उपायाने काम निघते आणि दोष तसाच राहतो, त्याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही. एक प्रत कर्व्ह केलेली आणि एक मूळ, अशा दोन फाइली ठेवायला खर्च काहीच येत नाही.

मराठवाड्यात नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर कितीतरी ग्रामनामे, स्मरणिका, संतचरित्रे, स्थानिक इतिहास आणि मुक्तिसंग्रामाच्या आठवणी गावोगावच्या अशा दुकानांतून पुस्तकरूपाने बाहेर पडल्या. त्यांच्या फाइली सापडल्याच, तर त्या पेजमेकरच्या असतात. इनडिझाइनच्या सीएस 6 पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर 6 ते 7 च्या फाइली उघडू शकत होत्या, नंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय गेली. तेव्हा असे एखादे जुने यंत्र चालू स्थितीत ठेवणे हे मी आता कामाचाच भाग समजतो. मजकूर बाहेर काढला, की तो युनिकोडमध्ये बदलावा लागतो आणि इथे खरी परीक्षा असते. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो: पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, त्यामुळे परिवर्तकाला, म्हणजे हा बदल करणाऱ्या प्रोग्रामला, प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून योग्य जागी नेऊन ठेवावा लागतो. ‘स्थितीत’ किंवा ‘वर्षानुवर्षे’ अशा शब्दांत तो हमखास अडखळतो.

सर्वांत जास्त त्रास ‘ऱ्य’चा होतो. हिंदीसाठी घडवलेल्या परिवर्तकांना हे अक्षर माहीत नसते आणि ते सरसकट रफार देऊन मोकळे होतात. मराठवाड्याविषयीच्या पुस्तकात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पानोपानी येतो, त्याचा ‘शेतकर्यांना’ होतो. बालाघाटच्या दऱ्यांचा दर्या होतो. भर म्हणजे बरोबर दिसणारा ‘ऱ्य’ही दोन प्रकारे लिहिला गेलेला असू शकतो, एकदा नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेल्या ‘ऱ’ने आणि एकदा साध्या ‘र’नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून, त्यामुळे शोधताना एक प्रकार सापडतो आणि दुसरा निसटतो. म्हणून आधी दोन्हींचा एकच प्रकार करून घेतो. मग रफाराचा ‘र्य’ असलेले सगळे शब्द एका यादीत काढतो. ‘सगळे बदला’ ही आज्ञा इथे कधीही देऊ नये. ‘कार्य’, ‘सौंदर्य’, ‘आचार्य’ यांना रफारच हवा आणि आमच्या भागात सूर्यवंशी हे आडनाव सर्रास आहे. आचार्यांना बोलावले आणि आचाऱ्यांना बोलावले, या दोन्ही गोष्टी एकाच लग्नाच्या वर्णनात खऱ्या असू शकतात, तिथे शब्दकोशही मदत करत नाही. तेवढ्या जागांसाठी जुनी छापील प्रत शेजारी उघडी ठेवतो आणि बोटाने ओळ धरून मेळ घालतो. आणि छापील प्रतीतच चूक असेल, तर ती लेखकांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय सुधारत नाही.